बाईंची आंघोळ

फरशी बसवणाऱ्या मामांना सगळे लेव्हलमामा म्हणत. कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरचं चित्र आधी सरळ करायची त्यांना खोड. पस्तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत ओणवं राहून काढली; पाठ कामातून गेली, नजर मात्र शाबूत होती.

निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या बाईंच्या घरी त्यांना बाईंच्या सुनेनं बोलावलं. जुन्या टबाची कड ओलांडताना बाई पडल्या होत्या, तेव्हापासून सूनच त्यांना आंघोळ घालायची. ज्यांच्यापुढे अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या बाई आता ओठ घट्ट आवळून बसत. टब काढून, सरळ चालत आत जाता येईल असा शॉवर करायचं ठरलं. बाईंची एकच अट होती: भिंतीला धरायचे दांडे नकोत, दवाखाना वाटतो.

मामांनी वाद घातला नाही. टब निघाल्यावर त्यांनी कोरड्या जागेत खुर्ची मांडली, बाईंना बसवलं आणि डोळे मिटून उठायला सांगितलं. उठताना बाईंचा हात आपसूक भिंतीवर गेला. मामांनी तिथे खडूनं फुली मारली. तीनदा उठवलं, तिन्ही फुल्या वीतभर जागेत.

"हात आधार मागतोय, बाई," मामा म्हणाले. "तुम्ही त्याला टॉवेलची दांडी म्हणा. भक्कम बसवायचं माझ्याकडे लागलं."

बाईंनी फुल्यांवरून हात फिरवला. "टॉवेलची दांडी चालेल," त्या म्हणाल्या.

खरबरीत फरशी बसली. पाणी ओतून पाहिलं, तर कोपऱ्यात ओंजळभर थांबलं. एवढं तर मी पुसून घेईन, असं सून म्हणाली. पण मामांच्या जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच हातच्या सहा फरश्या उखडल्या आणि उतार नव्यानं काढला.

पहिल्या आंघोळीला बाईंनी आतून कडी लावली. सून दाराशी उभी. अर्धा तास झाला तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. हाक मारू का, असं तिनं अवजारं आवरणाऱ्या मामांना विचारलं.

"पाण्याचा आवाज ऐका," मामा हळूच म्हणाले. "सारखा बदलतोय. त्या मजेत आहेत. राहू द्या."

शेवटी कडी निघाली. बाई ओल्या केसांनी बाहेर आल्या, सुनेच्या गालाला हात लावला.

"आता तू जा," त्या म्हणाल्या. "गरम पाणी आहे अजून. चहा मी टाकते."