पदराची गाठ

वाशीमहून अकोल्याला जाणाऱ्या एस.टी.त ती माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर वर्षभराचं बाळ, पायाशी तीनेक वर्षांची मुलगी. बसल्याबरोबर तिनं पदराचं टोक मुलीच्या मनगटाला बांधलं, वर आणखी एक गाठ मारली आणि ओढून पाहिलं.

"डोया लागला तं हे पोरगी कुठंही उतरून जाईन," ती म्हणाली. "मेडशी आली का उठवजा मले, ताई."

मी बाळासाठी हात पुढे केले. तिनं लगेच देऊन टाकलं. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. अनोळखी बाईवर एवढा विश्वास, म्हणून मला आधी बरं वाटलं. मग तिचे डोळे पाहिले. तो विश्वास नव्हता. नाही म्हणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मालेगाव यायच्या आतच तिचं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटू लागलं, तरी ती जागी झाली नाही. हात मात्र रिकामी मांडी थोपटत राहिला. मुलगी हलली की पदर ताणला जायचा, आणि ती डोळे न उघडताच पुटपुटायची, "हाये मी, हाये."

मेडशीचा थांबा दिसला तेव्हा मी तिच्या खांद्याला हात लावला.

"हाये मी, हाये," ती मलाही म्हणाली आणि तशीच झोपून राहिली.

तिला पुन्हा हलवायला माझा हात धजेना. पण गाव आलं होतं.