चहा न घेणारा जामीनदार

भगीरथभाऊ आमच्या घरी चहा का घेत नाहीत, ही गोष्ट दोन महिने माझ्या डोक्यातून जात नव्हती. आज दुपारी तिचं उत्तर मिळालं आणि आता झोप लागत नाही.

ते मुरबाडकडच्या डोंगरातल्या एका ठाकूरपाड्यावर राहतात. साठी उलटलेली, अंगाने काटक, डोक्याला टॉवेल. दीड एकर भाताची जमीन आहे. पावसाळ्यात रानातून शेवळं, कंटोली अशा रानभाज्या आणून हायवेच्या कडेला विकतात. माझी मुलगी रुपाली वकील आहे, आणि तिच्या हायकोर्टातल्या याचिकेत हेच भगीरथ जामीनदार म्हणून उभे आहेत. कोणासाठी, तर सुक्या नावाच्या एका कातकऱ्यासाठी.

सुक्या शहापूर तालुक्यातला. मागच्या श्रावणात एका फार्महाऊसवरची तांब्याची तार चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. डिसेंबरात जामीन मंजूर झाला, पण जामीनदार सातबारावाला हवा. गावाबाहेरच्या वाडीत झोपडी असलेल्या माणसाला सातबारावाला कुठून मिळणार? भगीरथभाऊ पुढे आले, तर खालच्या कोर्टाने दुसऱ्या तालुक्यातला माणूस चालणार नाही म्हणून परत पाठवलं. मंजूर झालेला जामीन असूनही सुक्या आठ महिने आतच आहे. अशा सगळ्यांसाठी ही याचिका आहे, आणि तिची सुनावणी उद्या आहे.

मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडला होता. ठाकूर आणि कातकरी दोघेही आदिवासी, पण वाड्या जवळ असल्या तरी उठबस वेगळी. मग हा माणूस ना नात्याच्या ना गावाच्या सुक्यासाठी आपली एकुलती एक जमीन का अडकवतो?

"त्याला मिळतं काय यातून?" मी रुपालीला विचारलं होतं.

"आई, तू पोलिसात जायला हवं होतंस," ती म्हणाली. "तू चांगल्या माणसाचासुद्धा पंचनामा करतेस."

केलाच मी. ते आले की मी बघत बसायची. दाराशी चपला काढायचे, खुर्ची सोडून जमिनीवर बसायचे, पाणी मागून घ्यायचे. चहा म्हटलं की हात आडवा. "नको बाय, सोसत नाय." आणि एकदा मी वाशिंद स्टेशनसमोरच्या टपरीवर त्यांना बशीत ओतून चहा पिताना पाहिलं! तेव्हापासून माझी खात्रीच झाली, की हा माणूस काहीतरी लपवतोय.

गुरुवारी ते प्रतिज्ञापत्रावर सही करायला आले. रुपालीकडून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली. "अर्जदाराशी किंवा या गुन्ह्याशी माझा कधीही संबंध आलेला नाही," हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. शेवटचं पान अर्धं कोरं होतं. म्हणाले, "वकीलबाय, तेवढ्या जागेवर रेघ मारा. मग मी सही करतंय."

रुपाली हसली. "भाऊ, तुम्ही तर माझ्याहून पक्के वकील."

मला हसू आलं नाही. कोऱ्या जागेला एवढा घाबरणारा माणूस कधीतरी तिथेच फसलेला असतो.

आज दुपारी ते फडक्यात कंटोली बांधून आले. रुपाली सुनावणीसाठी आधीच मुंबईला गेली होती. मी मुद्दाम कप भरून समोर ठेवला.

"टपरीवर सोसतो, आमच्याकडे सोसत नाही. आमचं काही चुकलं का, भाऊ?"

त्यांनी कप हळूच बाजूला सारला. "तुमचं कशाला चुकंल, बाय? कागदाच्या कामाला गेलो का च्या घ्यायचा नाय, असं ठरवलंय मी."

"का?"

"एकदा घेतला होता."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. मागच्या श्रावणात ते हायवेला कंटोली घेऊन बसले होते. एक हवालदार आला. म्हणाला, "चल म्हातारबा, दोन सह्या कर, मग बस इथं खुशाल विकत." चौकीत खुर्ची दिली, चहा पाजला. दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. धंद्याची जागा जायला नको म्हणून त्यांनी केल्या. पुढे कधीतरी शेजारी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायला हौशी बसू लागली. ती सुक्याची बायको. रडत सांगत होती, की दोन पंचांसमोर झोपडीत तार सापडली, असं पोलिसांनी लिहिलंय. भाऊंनी सह्या केल्या, तो दिवस तोच होता.

"मी तर तिची झोपडी बघलीबी नाय, बाय."

"हौशीला सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? आन तुमच्या पोरीला नका सांगू. ती माझं नाव काढून टाकील. मंग सुक्याला कोण ऱ्हाईल जामीन?"

चहा तसाच राहिला. ते गेल्यावर मी तो मोरीत ओतला.

आता मी लिहितेय आणि शंका थांबत नाहीत. कागद कोरा होता हे तरी खरं कशावरून? उद्या आपलाच पंच उलटला म्हणून पोलीस त्याला छळतील, या भीतीने तो शपथेवर पुन्हा खोटं बोलला तर? आरोपपत्राची प्रत रुपालीला अजून मिळालेली नाही, पण सरकारी वकिलाच्या फायलीत ती असणारच, आणि तिच्यात पंच म्हणून भगीरथचं नाव असणार. सरकारी वकिलाने उद्या ते वाचून दाखवलं, तर माझ्या मुलीने खोटं प्रतिज्ञापत्र दिलं असं होईल. सुक्याची याचिका तिथेच संपेल. आणि मी गप्प राहिले, तर कोऱ्या कागदावर सही करणाऱ्यांत माझीही भर.

दुसरीकडून पाहिलं, तर झोपडी न पाहिलेल्या पंचाचा शब्द सुक्याला त्या सातबाराहून जास्त उपयोगी पडेल. पण तो शब्द भगीरथने स्वतः उच्चारायला हवा. त्याच्या पाठीमागे मी कुजबुजून चालणार नाही. दोन महिने मी त्याच्या पाठीमागे शंकाच घेत आले, आता तरी समोर बोलायला हवं.

रुपालीला मी सांगणारच आहे. पण आधी भगीरथभाऊंना. पाड्यावर रेंज कधी असते, कधी नसते. त्यांच्या सुनेचा, रंजिताचा नंबर माझ्याकडे आहे. तिला उठवून म्हणायचं, सासऱ्यांना फोन दे, आणि मग त्यांना सांगायचं: भाऊ, मी तुमचं गुपित ठेवणार नाही. पहाटेची पहिली एसटी धरा, मी वाशिंदला उभी राहते, मुंबईपर्यंत बरोबर येते. तुमच्या तोंडानेच सांगा.

चिडतील. कदाचित फोन ठेवतील. तरी मी नंबर काढलाय, आणि आता लावतेय.