‘काम हवंय’ची बाजू

मंडळी, आज गंगापूर रोडला आमची सॉफ्टवेअर डेव्हलपर्सची मोफत कॉन्फरन्स झाली. तिथे आम्ही दरवर्षी एक बोर्ड लावतो. डावीकडे ‘माणसं हवीत’, उजवीकडे ‘काम हवंय’. यंदा डावीकडे एकही चिठ्ठी लागली नाही.

उजवीकडे चिठ्ठी लावताना माझे पहिले टीम लीड दिसले. नाव सांगत नाही. मला कोड लिहायला त्यांनीच शिकवलं.

“सर, तुम्ही?”

“कामावरून काढून चार महिने झाले रे. घरी अजून सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघतो.”

“आणि आज रविवारी?”

“कॉन्फरन्सला जातो म्हणालो. चार महिन्यांत आज पहिल्यांदा खरं बोललो.”

मी नुसता चहा आणून दिला.

नाशिकमध्ये अशा अनुभवी माणसाला कुठे जागा आहे का? खरंच विचारतोय.