टायर थंड होईपर्यंत

बीड जिल्ह्यात धावणाऱ्या एकाही टायरवर माझ्या चुलत सासऱ्यांचा विश्वास नाही. एरवी माणूस खोटं बोलला तर ते माफ करतात, पण न मोजताच ‘हवा बरोबर आहे’ म्हणणारा त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. केजला सरकारी जीप तीस वर्षं चालवून ते निवृत्त झाले. स्वतःची गाडी कधी घेतली नाही. मात्र लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात तिथे हे हवा मोजायचं गेज ठेवतात, आणि ओळख असो नसो, उभी गाडी दिसली की चाकाशी उकिडवे बसतात. आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता आणि हे पायपंप घेऊन गाडीमागे घाम गाळत होते. हात झटकत मला म्हणाले, “जावईबापू, आता मागं माणसं जास्ती बसणार. दोन पॉइंट वाढवल्यात. पोरीला सावकाश न्या.”

एकदा मे महिन्यात आम्ही मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवत होतो. बाहेर एक जीपवाला तापलेल्या टायरमधून हवा सोडत होता. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून आमच्याकडे निम्मे लोक हेच करतात. तो फुस्स आवाज ऐकताच काका हातातला घास ताटात टाकून धावले.

“कामून सोडतो रं हवा? कमी हवेचा टायर लई दबतो, दबला की जास्तीच तापतो. मंग फुटतो!”

“तुमची गाडी कोणती हाय, बाबा?” जीपवाल्याने विचारलं.

“माजी न्हाई. पण तुज्या गाडीत माणसं बसत्यात का न्हाई?”

त्याला पटलं की तो कंटाळला, देव जाणे. त्याने सोडलेली हवा पुन्हा भरली तेव्हाच काका ताटावर आले. तोवर माझं जेवून, हात धुऊन, बडीशेपही खाऊन झाली होती.

पण खरा छळ वेगळाच. हवा मोजायची ती थंड टायरची. “गरम टायरचा काटा उगंच चढतो,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बीडहून केजला पोचलो की टायर गरम. मग तीन तास गाडी लिंबाखाली आणि आम्ही ओसरीवर. पाच मिनिटं डोकावायला आलेला पाहुणा काकूंचे धपाटे आणि दोनदा चहा झाल्याशिवाय सुटत नसे. मी फार चिडायचो. वाटेत बायकोला म्हणायचो, “तुझे काका टायर थंड करतात आणि माझं डोकं गरम!”

गेल्या वर्षी काकू गेल्या. आमचं जाणंही कमी झालं, हे कबूल करायला हवं. परवा आम्ही दोघं नवी गाडी घेऊन गेलो. हिच्या समोरच्या पडद्यावर चारही चाकांची हवा दिसते. मी कौतुकाने दाखवली. काकांनी चष्मा लावून आकडे वाचले.

“सकाळी निगताना किती व्हती?”

“चारही तेहतीस.”

“म्हंजे थंड असतानाच मोजली.” त्यांनी चष्मा काढला. “मंग तुमाला थांबायची गरज न्हाई. निगा, ऊन वाढायच्या आत पोचाल.”

काहीतरी खोट काढून त्यांना आम्हाला सहज थांबवता आलं असतं. पण हवेच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलणार कसा? त्यांच्या मागे ओसरीवर तीन खुर्च्या पुसून मांडून ठेवलेल्या होत्या. इतकी वर्षं मी त्या तीन तासांवरून कुरकुरत आलो, याची मनापासून लाज वाटली.

“काका,” मी म्हणालो, “मला नाही बुवा त्या पडद्याचा भरवसा. टायर थंड होऊ द्या. तुम्हीच मोजा.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं.

“तीन तास लागतील बरं का,” असं म्हणून ते स्वतःच चहा टाकायला आत गेले.

उन्हं कलेपर्यंत आम्ही ओसरीवर बसलो होतो. हवा मोजायची आठवण कुणीच काढली नाही.