बबनकाकांचा 'खराब' इअरफोन

बबनकाकांनी मला विकलेला इअरफोन कधीच खराब नव्हता.

खराब माझा कान होता.

आज सकाळी काका गेले. चहा पिऊन पेपर वाचत बसले होते, तसेच गेले. म्हणून आता सांगून टाकते. विटेकरांनो, जरा नीट वाचा. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांना यावरून चिडवलेलं आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या सेकंड इयरला होते. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गलाईचं दुकान लांब दक्षिणेत, सेलमला. आमच्याकडे घरटी एक माणूस असाच सोनं गाळायला कुठं कुठं गेलेला.

पत्र लिहायचा अप्पांना कंटाळा. ते साध्या टेपवर बोलून कॅसेट भरायचे आणि गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीत टाकायचे. मागं कुकरची शिट्टी, मधेच खोकला. मला ती कॅसेट खोकल्यासकट पाठ होती.

दिवाळीला त्यांनी वॉकमन आणला. त्याचा हेडफोन डोक्यावरून पट्टीवाला. एसटीत लावला की अख्खी गाडी माझ्याकडं बघायची. मला कानात बसणारा, बारीक वायरचा इअरफोन हवा होता.

तो फक्त बबनकाकांकडे मिळायचा.

काका मिलिटरीत सिग्नलला होते. रिटायर झाल्यावर स्टँडजवळ रेडिओ-टेपचं दुकान टाकलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली काउंटर, काउंटरवर स्पिरिटची बाटली आणि कापूस. इअरफोन विकायची त्यांची अशी काही शिस्त होती की त्यापेक्षा सोयरीक जमवणं सोपं.

आपली पाठ असलेली कॅसेट घेऊन यायचं. ते इअरफोन स्पिरिटनं पुसून देणार. मग तो लावून दुकानात फेऱ्या मारायच्या, वायर कपड्याला घासून कानात खरखर होते का बघायला. पंधरा मिनिटं काढायचा नाही, कान दुखतो का ते कळायला. आणि व्हॉल्यूम दोनच्या वर नाही.

"वाढवा की काका."

"मोठ्या आवाजात समदंच ग्वाड लागतं. बारीक आवाजात बरा वाटंल त्यो घ्यायचा."

एवढा धीर कुणाला? मी एक उचलला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी परत दुकानात.

"काका, डाव्या बाजूला बारीक येतंय."

बदलून दिला. तोही तसाच. तिसराही तसाच.

मग माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हटलं, "कसला माल ठेवता हो?"

काकांनी आधी गिऱ्हाइकं जाऊ दिली.

"अप्पाची कॅसेट हाय न्हवं? लाव."

लावली.

"आता सांग. अप्पा कुठनं बोलायलाय?"

"उजवीकडनं."

त्यांनी इअरफोन उलटा लावला. उजवा डाव्या कानात, डावा उजव्या कानात.

"आता?"

"उजवीकडनंच."

काकांनी कॅसेट थांबवली. मग हळू म्हणाले, "पोरी, साध्या टेपवरचा एकट्या माणसाचा आवाज डोक्यात मधोमध बसतो. तुझा बसंना. इअरफोन बरा हाय. डावा कान वाहतो का गं तुझा?"

वाहायचा. लहानपणापासून. आई लसूण घालून तेल कोमट करायची आणि कानात सोडायची. सगळं गाव तेच करायचं.

संध्याकाळी काका आमच्या घरी आले. आईनं ऐकून घेतलं आणि आधी दार लोटलं.

"आवं भावजी, हळू बोला. पुढल्या महिन्यात पावणं यायचं हायती. पोरीच्या कानात खोट हाय म्हटल्यावर कोण उंबरा चढंल?"

"वैनी, पडदा फाटला असंल. त्यात त्याल सोडत ऱ्हायला तर कान जाईल."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला पाहुण्यांचं काही नव्हतं. एका बाजूनं सगळं कायमचं बंद होणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आई रडायला लागली. तिच्यावर मला आज राग नाही. एकटीनं घर सांभाळत होती, घाबरली.

काका म्हणाले, "खोट माझ्या मालात हाय म्हणून सांगा. पोरगी इअरफोन बदलायला मिरजेला जाती म्हणा. पर तिथं कानाच्या डॉक्टरला दाखवा."

आणि तसंच झालं.

मिरजेच्या चार खेपा झाल्या. पडद्याला भोक होतं. ऑपरेशन झालं. आणि इकडं विट्यात बोभाटा, बबनचा माल बोगस, गलाईवाल्याची पोरगी मिरजेला खेटे घालतीय.

"काय फौजी, गिऱ्हाईक मिरजेला पाठवता व्हय?" लोक विचारायचे.

"व्हय. आमचा माल तसलाच."

खराब पीस ज्यानं कधी काउंटरवर ठेवला नाही, तो माणूस हे हसत म्हणायचा.

कान बरा झाल्यावर मी दुकानात गेले. काकांनी ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली. वर माझं नाव. आत मी परत केलेला पहिला इअरफोन.

स्पिरिटनं पुसला. अप्पांची कॅसेट. व्हॉल्यूम दोन.

"कुठनं बोलायलाय?"

कुकर वाजला. अप्पा खोकले.

मी नुसतं दोन्ही भुवयांच्या मधे बोट ठेवलं.

"आता घे. ह्यो तुझा," काका म्हणाले, आणि उगाचच काउंटर पुसत बसले.

पुढं लग्न ठरताना मी नवऱ्याला सगळं आधीच सांगितलं. तो म्हणाला, "दोन्ही कान चालू झाले? मग माझं अवघड आहे."

गावाला खरं सांगू का, असं काकांना मी कितीदा तरी विचारलं. शेवटचं या दिवाळीत.

"ऱ्हाऊ दे गं. हसतील त्यांचं दात दिसतील."

काका, एवढं एकच तुमचं ऐकलं नाही. माल चोख होता, हे आज सगळ्यांना सांगितलं.

तुमचा आवाज अजून ऐकू येतोय. अगदी मधोमध.

शेवटचा जयभीम, काका.