नाव न सांगता दिलेली प्रार्थना विनंती

चामोर्शीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती आठवडी बाजारात उभं राहून ओरडून सांगावी. लोक वांगी निवडण्यात गुंतलेले असतात, कोणी लक्ष देत नाही. पण चुकूनही ती मंडळीत प्रार्थना विनंती म्हणून देऊ नये. हे मी अनुभवाने सांगते.

आमची मंडळी म्हणजे गावातली वीसेक ख्रिस्ती घरं, एक कौलारू चर्च आणि एक पेटी, जिचा खालचा सा वाजत नाही. मी शाळेत मास्तरीण, रविवारी संडे स्कूलची बाई, आणि त्या वर्षी नवीनच मिळालेलं पद म्हणजे तरुण संघाची सल्लागार. मंडळीतल्या वयात आलेल्या मुलामुलींच्या मनाची आणि आत्म्याची काळजी घेणं, हे सल्लागाराचं काम. त्यासाठी मला नागपूरला प्रशिक्षणालाही पाठवलं होतं. तिथे शिकवलं की या वयाच्या मुलांवर प्रश्नांचा मारा करू नये, त्यांना बोलावंसं वाटेल असं वातावरण निर्माण करावं. परत आल्यावर हे मी मंडळीतल्या आईबापांना इतक्या वेळा ऐकवलं, की मला समोरून येताना पाहून लोक गल्ली बदलायला लागले.

आणि नेमका माझाच पोरगा मुका झाला.

अनुग्रह त्याचं नाव, घरात अनु. अकरावीत होता. दिवाळीच्या सुट्टीत चंद्रपूरला तरुणांचं शिबिर झालं, तिथून परत आला तो वेगळाच. आधी ताटावर बसला की भाताचा डोंगर संपवून भाजीला नावं ठेवणारा हा मुलगा, आता दोन घास खाऊन उठायला लागला. वर स्वतःचं ताट स्वतः धुवायला लागला (इथे मला पहिली शंका आली). रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेत त्याची पाळी आली की म्हणे, "तुमीच करा." आणि रोज दिवस कलला की सायकल काढून कुठेतरी जायचा. कुठे ते सांगायचा नाही.

मला भीती वाटायला लागली. उगाच नाही. त्याच पावसाळ्यात जवळच्या एका गावातला अनुच्याच वयाचा मुलगा घरच्यांना काही न बोलता विहिरीवर गेला होता, तो परत आलाच नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची आई येईल त्याला एकच सांगत होती, "काई बोललाच नाई वो बाई." ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं. पोळ्या लाटताना ऐकू यायचं, फळ्यावर लिहिताना ऐकू यायचं.

मी प्रशिक्षणाप्रमाणे वातावरण निर्माण करायला घेतलं. अनु खाटेवर बसला की त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, चेहरा प्रेमळ ठेवायचा आणि काही विचारायचं नाही. असं तीन रात्री केलं. शेवटी तो घाबरून म्हणाला, "आई, तुले बरं नाई काय? दात दुखून राह्यला काय?"

आमचे हे लाईनमन. खांबावर चढून तारा जोडणारा माणूस, त्यांना वातावरण वगैरे कळत नाही. म्हणाले, "मी सरळ विचारतो ना त्याले."

"खबरदार," मी म्हटलं. "विचारायचं नसते. मनावर परिणाम होते."

"मंग कोनाच्या मनावर होऊन राह्यला, ते पाय ना," असं म्हणून ते आंघोळीला गेले.

बुधवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी आमची प्रार्थना सभा असते. त्या बुधवारी मला राहवेना. विनंत्या मागितल्या तेव्हा मी उभी राहिले आणि अगदी सांभाळून म्हटलं, "मंडळीतल्या एका तरुणासाठी प्रार्थना करावी. तो गप्प गप्प राहतो. नाव सांगत नाही." एवढं बोलून मी पदराने डोळे पुसले. आता मंडळीत त्या वयाची मुलं किती, त्यातली गप्प किती, आणि त्यांच्यापैकी कोणाची आई उभं राहून डोळे पुसते आहे, हा हिशेब संडे स्कूलच्या पोरांनीही सोडवला असता.

प्रार्थनेचा एक नियम असतो. समोरचा डोळे मिटून प्रार्थना करत असताना त्याला मध्येच थांबवून "असं नाही हो" म्हणता येत नाही. तो देवाशी बोलत असतो. आपण फक्त शेवटी आमेन म्हणायचं.

पहिल्या भावाने प्रार्थना केली, "हे बापा, त्या तरुणाच्या दुःखी मनाला शांती दे." आमेन. दुसऱ्याने केली, "त्याच्या आईला धीर दे, जी आत्ता आमच्यामध्ये कोपऱ्यात बसली आहे." आमेन. मग एस्तेरबाईंनी घसा साफ केला. एस्तेरबाई म्हणजे आमच्या मंडळीचा प्रार्थनेचा आधारस्तंभ. एरवी आमच्यासारखीच झाडीपट्टीतली गावठी बोली बोलतात, पण प्रार्थनेला उभ्या राहिल्या की थेट पुस्तकातलं मराठी. त्यांचं घर तलावाच्या रस्त्याला. म्हणाल्या, "हे सर्वज्ञ परमेश्वरा, तो प्रतिदिनी सायंकाळी हिरव्या सायकलीवर बसून तलावाच्या पलीकडे, जंगलाच्या दिशेने जातो, हे तू पाहतोस." देवाच्या जोडीने आणखी कोण पाहत होतं ते सगळ्यांना कळलं. मी दचकले. पण सवय वाईट, तोंडातून आमेन निघून गेलंच.

पुढच्या दिवसांत ती विनंती घरोघर फिरली आणि प्रत्येक घरातून काहीतरी लेवून निघाली. शुक्रवारी बायकांच्या प्रार्थनेत "वाईट संगतीतून सोडव" आलं. शनिवारी कोणीतरी "व्यसनाच्या बेड्या तोड" म्हणालं. रविवारी चर्चमध्ये एका काकांनी "त्या परगावच्या मुलीच्या मोहातून" काढलं. मी डोळे उघडून यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "कोनती मुलगी?" ते पुटपुटले. त्याच वेळी पलीकडच्या बाकावरून एस्तेरबाईंचा आवाज आला, "आणि हे प्रभू, जे हत्यारे घेऊन अरण्यात वास करतात, त्यांच्या हाती आमचे लेकरू लागू नये."

आमेन, सगळं चर्च म्हणालं.

तुमच्याकडे हे वाचून हसू येईल. आमच्या भागात त्या वर्षांत ही हसण्याची गोष्ट नव्हती. गावातलं तरुण पोरगं संध्याकाळी जंगलाकडे जातं, हे एक वाक्य पुरेसं होतं. रात्री आतले लोक, म्हणजे नक्षलवाले, दार वाजवतील ही एक भीती, आणि दिवसा खाकीतले वाजवतील ही दुसरी. मधल्या मध्ये माणूस घरात बसूनही घाबरायचा.

सोमवारी दार वाजलं. दिवसा.

मेश्राम हवालदार. एस्तेरबाईंचे भाडेकरू. "काई नाई बाई, सहज आलो," म्हणाले. पोलीस सहज आला की मला नेहमी बसायला पाट देऊ की खुर्ची, तेच सुचत नाही. मी दोन्ही दिले. ते खुर्चीवर बसले, टोपी पाटावर ठेवली.

"पोरगा काय शिकते?"

"अकरावी. सायन्स."

"संध्याकाळी कुठी जाते?"

मी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळा चहा प्यायला. त्याने तर मी आणखीच घाबरले.

"बाई, मी तुमच्या चांगल्यासाठीच सांगून राह्यलो," जाताना ते म्हणाले. "वरून विचारणा व्हायच्या आधी तुमीच विचारून घ्या."

हे घरी येताच मी म्हटलं, "चला. आज त्याच्या मागं जाऊ." यांच्या लुनावर मी मागे बसले. पुढे खूप दूर अनुची हिरवी सायकल. एस्तेरबाईंच्या घरासमोरून जाताना त्यांनी आम्हाला पाहिलं आणि हाक मारली, "काय झालं वो?" मी भीतीच्या भरात म्हणाले, "प्रार्थना करा." झालं. माणूस सुधारत नाही ते असं. एस्तेरबाईंनी चप्पल घातली, हवालदारांना उठवलं, पाळकसाहेबांकडे निरोप धाडला. तलावाशी पोचता पोचता मी मागे वळून पाहिलं तर दूरवर अर्धी मंडळी चालत येत होती, आणि हवालदार सायकलवर सगळ्यांच्या पुढे.

तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, यांनी लुना थांबवली. वर, पाळीवर अनु एकटा उभा होता. पाण्याकडे तोंड. हात वर केलेले. दिवस मावळत होता. तो मोठ्याने काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलता एक पाऊल पुढे सरकला.

"काई बोललाच नाई वो बाई," माझ्या डोक्यातली ती आई म्हणाली.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. हे म्हणतात की पलीकडच्या काठावर मासे धरणारे ढीवर जाळी टाकून पळाले. मी पदर खोचून पाळीवर धावले, अनुला मिठी मारायला झेपावले, तो दचकून बाजूला झाला, आणि मी मिठी मारली ती तलावाला. कमरेपर्यंत चिखल, वर पाणी, त्यात मी, आणि केसांत शिंगाड्याचे वेल. पोहता मला येत नाही. पोराने कपड्यांसकट उडी टाकली आणि मला काखेत धरून ओढत काठावर आणलं.

"आई, काऊन असं केलं तू?" तो रडकुंडीला आला होता. "जीव द्यायला आली होती काय?"

"मी?" मी म्हटलं. "तू इथी काय करून राह्यला होता?"

"साक्षीची प्रॅक्टिस."

आम्ही तिघेही चिखलात बसलो. मग तो बोलायला लागला, आणि थांबेचना. शिबिरात सगळ्या मुलांनी साक्ष दिली होती, देवाने मला कशातून सोडवलं ते उभं राहून सांगायचं. एक दारूतून सुटला होता. एक घरातून पळाला होता. एकाने तर आजोबांची बैलजोडी विकली होती. ते सांगताना रडत होते, सगळे टाळ्या वाजवत होते. आता नाताळाआधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये अनुची पाळी होती.

"मी काय सांगू?" तो म्हणाला. "मी तं लहानपनापासून संडे स्कूललेच जातो. माह्यापाशी काईच नाई. मले वाटते, माहं तारणच झालं नाई. देव मले ओळखतच नसन. रात्री झोप येत नाई, लय भेव लागते."

"म्हून जेवत नव्हता?" यांनी विचारलं.

"ते बिडी प्यायलो म्हून." तो मान खाली घालून म्हणाला. "म्हटलं, एखादं पाप तं करून पाहू. तीन दिवस उलट्या झाल्या. मंग एकाच्या वाडीतले जांब चोराले गेलो. त्यानं पकडलं, अन् मास्तरीणबाईचा पोरगा हाय म्हून पिशवी भरून देल्ले."

मला हसू येत होतं आणि रडूही. सल्लागाराने अशा वेळी काय म्हणायचं ते प्रशिक्षणात होतं, पण ते पाण्यात कुठेतरी वाहून गेलं होतं. मी नुसतं त्याचं ओलं डोकं छातीशी धरलं आणि खरं तेच म्हटलं, "मले बी लय भेव लागलं रे. तू गेला असता तं मी काय केलं असतं?"

हे चिखलातच जवळ सरकून म्हणाले, "माह्यापाशी बी काई साक्ष नाई, अनु. मी रविवारी येतो, बसतो, अन् बरं वाटते. येवढंच हाय."

"चालते येवढं?"

"मी तं वीस वर्षापासून चालवून राह्यलो."

अनुने पहिल्यांदा मान वर केली. तेवढ्यात मंडळी पोचली. हवालदारांनी बॅटरी मारून आधी अनुकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, मी पोराले विचारायले सांगतलं होतं. बुडायले नाई." एस्तेरबाईंनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी तिथेच, पाळीवर, डोळे मिटले. "हे बापा, तू या माउलीला खोल जलातून बाहेर काढलेस." सगळे आमेन म्हणाले. हवालदारही म्हणाले. (त्यांचा आमच्या धर्माशी काही संबंध नव्हता, पण तोवर त्यांनाही सवय लागली होती.)

त्या रात्री अनुने भाताचे दोन डोंगर खाल्ले आणि भाजीला नावं ठेवली. मी चुलीपाशी तोंड फिरवून रडून घेतलं.

मग तो रविवार आला. चर्च गच्च. अनु पुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मी काई वाईट केलं नव्हतं. पण माह्या आईनं बुधवारी नाव न सांगता प्रार्थना विनंती देल्ली. रविवारपर्यंत मी व्यसनी झालो, एका मुलीच्या मोहात पडलो, अन् जंगलातल्या लोकायले सामील झालो. या सगळ्यातून प्रभूनं मले सोमवारी संध्याकाळी एकदमच सोडवलं." चर्च इतकं हसलं की पेटीवाल्या भावाला पुढचं गाणं सुरू करता येईना. एस्तेरबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या, कोणाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं नसावं. मग अनु हळूच म्हणाला, "ज्यायच्यापाशी माह्यासारखी काई साक्ष नाई, त्यायनं घाबरू नोको. घरी सांगा." मागच्या बाकावरच्या दोन मुली एकदम रडायला लागल्या. मला सल्लागार होऊन जे जमलं नव्हतं ते त्या वाक्याने झालं.

ती साक्ष फार गाजली. पाळकसाहेब त्याला घेऊन गावोगावच्या मंडळ्यांत फिरले, पार जिल्ह्याच्या टोकाला, तेलुगू बोलणाऱ्या सिरोंच्यापर्यंत, तिथे तर कोणीतरी वाक्यावाक्याला तेलुगूत सांगितली. आज अनु स्वतः मुलांची शिबिरं घेतो आणि अजूनही सुरुवात त्याच साक्षीने करतो. कधी मी सोबत गेले की मुलं कौतुकाने माझ्याभोवती जमतात, एकमेकांना दाखवतात. त्या साक्षीत तारणारा देव आहे, तारलेला माझा मुलगा आहे, आणि ज्यातून तारलं, ती मी आहे.