पुढे धावलेला बांगडा

रत्नागिरीचा बांगडा मालवणच्या बांगड्यापेक्षा वेगळ्या कुळीचा आहे, हे आमच्या सरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सिद्ध करायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी माशांवर एम.एस्सी. करत होते आणि सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता. त्या सहीवर माझी पदवी आणि घरच्यांनी लांबवलेलं माझं लग्न, दोन्ही अडकलं होतं. पैकी पदवी मला हवी होती.

प्रयोग तसा सोपा. माशाच्या मांसातली प्रथिनं खरवसासारख्या जेलच्या वडीत शेजारशेजारच्या रांगांत भरायची आणि दोन टोकांना वीज जोडायची. चपळ प्रथिनं पुढे पळतात, बोजड मागे रेंगाळतात. सोबत निळा रंग सोडायचा, तो सगळ्यांच्या पुढे. प्रथिन जेवढं गेलं त्याला त्याच रांगेतला रंग जेवढा गेला त्याने भागायचं. दोन माशांचे आकडे वेगळे आले तरच बोलायला जागा.

यंत्र नवं कोरं आलं होतं. आमच्याकडे होडीला नारळ फोडतात, सायकलला फोडतात, मग या यंत्राने काय घोडं मारलं होतं? सरांनी टेबलाच्या कडेवरच नारळ आपटला आणि पाणी थेट यंत्राच्या वरच्या, द्रावणाने भरलेल्या टाकीत गेलं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, हे आम्हाला सरांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, "सर, द्रावण बदलूया."

"देवाचं पाणी मोरीत ओतणार काय गो? चालू कर."

चालू केलं. क्षारांमुळे वीज भसाभस वाहिली, जेल तापली, कडांपेक्षा मध्ये जास्त तापली आणि मधल्या रांगा सुसाट सुटल्या. मध्ये होता रत्नागिरीचा बांगडा, दोन्ही कडांना मालवणचा.

दुसऱ्या दिवशी सर लाकडी फूटपट्टी घेऊन आले. "बघ, आपला पुढे!" मुलगा बोर्डात आल्यासारखा चेहरा.

"सर, मधला रंगही तेवढाच पुढे गेलाय. भागलं तर दोघे सारखेच येतात."

"अगो, तो रंग काय कालवणात घालायचाय? मासा मोज!"

मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून ताजा बांगडा आणला, बर्फातला मालवणचा काढला आणि स्वच्छ द्रावणात सगळं पुन्हा केलं. प्रथिनांचे सगळे पट्टे एका ओळीत आले. सरांनी ती जेल उजेडात धरून बराच वेळ पाहिली. त्यांना कळलं होतं, याची मला आजही खात्री आहे. मग म्हणाले, "यावर माझी सही नाही व्हायची."

राग आला, पण सही हवी होती. मी पहिल्या जेलचे न भागलेले आकडे सुवाच्य अक्षरात प्रबंधात उतरवले. माझी मलाच किळस आली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक घाटावरून आले, ते आधी सरांकडे जेवून. भागाकाराबद्दल विचारलं तर सगळं खरं सांगायचं, असं मी मनाशी पक्कं करून गेले होते. त्यांनी प्रबंध चाळला, ढेकर दाबला आणि विचारलं, "चवीला कुठला सरस?"

"रत्नागिरीचा," मी म्हणाले.

पहिला वर्ग मिळाला. मालवणचा बांगडा मी तोवर कधी खाल्लाही नव्हता.